माळ्यावरचा गोरिला

दिवाळीची साफसफाई म्हणजे आम्हा बायकांची वार्षिक परीक्षाच. पत्र्याचे डबे, चेपलेले तांबे, कुणाच्या तरी बारशाची दुपटी, सगळं माळ्यावरून खाली उतरतं आणि "लागेल कधीतरी" म्हणत पुन्हा वर चढतं. यंदा आमच्या चिखलीच्या घरी हे काम सूनबाईनं हाती घेतलं. त्यासाठी ती पुण्याहून चार दिवस आधीच आली होती. ओढणी डोक्याला गुंडाळून ती शिडीवर, आणि खाली सामान घ्यायला मी आणि माझा दहा वर्षांचा नातू.

तिसऱ्या ट्रंकेत जुन्या स्वेटरांखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुस्तक निघालं. नातवानं कागद सोडला आणि "आजी, हे बघ!" म्हणून ओरडलाच. मुखपृष्ठावर एक अवाढव्य काळा गोरिला. एका हातात उचललेली मोटार, दुसऱ्या हाताची मूठ आभाळात, तोंडात हे एवढाले सुळे, आणि पायाशी जीव घेऊन पळणारी इवली इवली माणसं. इंग्रजी कॉमिक होतं. वरचा कोपरा फाटलेला, त्यामुळे त्यावर ना नाव, ना साल.

सूनबाई शिडीवरूनच म्हणाली, "शी! किती भयंकर चित्र. आई, रद्दीत घालते हं. रात्री झोपेत दचकेल तो."

"थांब!" मी म्हणाले. इतक्या मोठ्यानं, की तिचा पुढे आलेला हात तसाच राहिला.

मैत्रिणींनो, रद्दीत घालते हेच शब्द मी १९८८ साली उच्चारले होते. तेव्हा मला थांब म्हणणारं घरात कुणी नव्हतं.

तीन किलो वेताळ

त्या वर्षी माझा मुलगा सातवीत होता. सातवीला शिष्यवृत्तीची परीक्षा असे, आणि ती परीक्षा मुलांपेक्षा त्यांच्या आयाच जास्त देत. भाजी घेताना, हळदीकुंकवाला, नळावर, एकच विषय. "तुमचा किती वाजता उठतो हो?" आमचा उठायचा सहाला, पण उठला की हात जायचा कोनाड्यातल्या इंद्रजाल कॉमिक्सकडे.

इंद्रजाल कॉमिक्स तुमच्यापैकी पुष्कळजणींना आठवत असतील. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनानं मार्च १९६४ मध्ये ती सुरू केली आणि १९९० पर्यंत ती निघत होती. मराठीतही यायची. कवटीची अंगठी घालणारा मुखवटाधारी वेताळ, जादूगार मँड्रेक, आणि पुढे १९७६ पासून आपल्या मातीतला बहादूर. आमच्या चिखलीला रेल्वे नाही, म्हणून स्टेशनवरचा बुकस्टॉलही नाही. मासिकं, साप्ताहिकं यायची ती एस.टी.नं. स्टँडवरच्या टपरीत सुतळीला चिमटे लावून कॉमिक्स टांगलेली असत. आमच्या चिरंजीवांचे खाऊचे सगळे पैसे त्या सुतळीवर खर्च होत.

एके दिवशी तो शाळेत गेलेला असताना मी रद्दीवाल्याला हाक मारली. वर्तमानपत्रं तोलून झाल्यावर त्यानं कोनाड्याकडे बघितलं. "हे चित्राचे पुस्तकं बी टाकू का जी बाई?" मी म्हटलं, टाका. तीन किलोंहून थोडी जास्तच भरली. आलेल्या पैशांत थोडी भर घालून मी त्याच्यासाठीच गणिताचा सरावसंच आणला आणि रिकाम्या कोनाड्यात नीट उभा करून ठेवला.

संध्याकाळी तो घरी आला. कोनाडा बघितला. मला वाटलं, आता आदळआपट करील, रडेल. मी उत्तरंसुद्धा तयार ठेवली होती. पण तो काहीच बोलला नाही. हातपाय धुऊन जेवायला बसला. बारा वर्षांचा मुलगा, नुकताच आवाज फुटलेला, हातपाय लांबच लांब झालेले. खाली मान घालून भाकरी मोडत होता.

आठ-दहा दिवसांनी ह्यांनी बाजारातून फुटाणे आणले. पुडी सोडली तर आतून वेताळाचा घोडा! त्याच पुस्तकांतलं पान होतं की दुसऱ्या कुणाच्या, देव जाणे. मुलानं फुटाणे ताटलीत काढले, कागद तळहातानं सरळ केला आणि वहीत ठेवला. माझ्या घशाखाली फुटाणा उतरेना.

शिष्यवृत्ती काही मिळाली नाही, हेही सांगून टाकते.

पुढे एकदा गाद्या उन्हात घालताना त्याच्या गादीखाली हे गोरिलाचं कॉमिक सापडलं. माझ्या धाकट्या भावानं, म्हणजे त्याच्या मामानं, मुंबईला फोर्टातल्या फुटपाथवरून जुनं विकत आणून दिलेलं. रद्दीच्या दिवशी तेवढं एक वाचलं होतं. मी ते होतं तसं परत ठेवलं. त्यानंतर दर वेळी गाद्या घालताना काढायची, उन्हात झटकायची आणि पुन्हा जागच्या जागी ठेवायची. तो इंजिनिअरिंगला गेल्यावर मी ते ट्रंकेत टाकलं. ह्या गोष्टीबद्दल आम्ही दोघं कधीच बोललो नाही.

गोरिलाच का?

तर अशी ही गोष्ट. ती ऐकून सूनबाई शिडीवरून उतरली. पण नातवाला त्यातलं फारसं काही नव्हतं. त्याचा प्रश्न सरळ होता: "आजी, पण गोरिलाच का काढला? वाघ का नाही?"

मला सांगता येईना. मग दुपारी पडल्या पडल्या मी ह्या विषयावर बरंच वाचून काढलं. काही नातवानं मोबाइलवर शोधून दिलं. आणि गंमत अशी, की हा प्रश्न अमेरिकेतल्या प्रकाशकांनाही पडला होता.

तिकडे १९५१ साली डीसी ह्या कंपनीच्या 'स्ट्रेंज अ‍ॅडव्हेंचर्स' नावाच्या कॉमिकचा आठवा अंक निघाला. संपादक ज्युलियस श्वार्ट्झ. मुखपृष्ठावर पिंजऱ्यातला एक गोरिला, आणि तो बाहेरच्या एका तरुणीला लिहून दाखवतो आहे, की मी माणूस आहे, माझ्यावर शास्त्रज्ञांनी प्रयोग केलाय, माझ्यावर विश्वास ठेव. अंक इतका खपला की कंपनीचे लोक चक्रावले. मग पुन्हा गोरिला छापून बघितला. तोही खपला. झालं! प्रत्येक संपादकाला आपल्या मुखपृष्ठावर गोरिला हवासा झाला. शेवटी महिन्याला एकाच अंकावर गोरिला असावा, असा नियम करावा लागला, असं श्वार्ट्झ पुढे सांगत. तरी गोरिला काही हटले नाहीत. १९५९ मध्ये तर 'फ्लॅश' ह्या वीराला ग्रॉड नावाचा एक महाबुद्धिमान गोरिला शत्रू म्हणून मिळाला. तो अजून त्या गोष्टींत टिकून आहे.

त्या काळी कॉमिकची किंमत दहा सेंट. पोरगं दुकानापुढे उभं राहणार, नजर फिरवणार आणि खिशातलं एकुलतं नाणं एकाच पुस्तकावर टाकणार. म्हणजे सगळी मदार मुखपृष्ठावर. श्वार्ट्झ तर पुष्कळदा आधी मुखपृष्ठाची कल्पना ठरवत आणि मग तिला जुळेल अशी गोष्ट लिहून घेत. आपण नाही का, आधी ब्लाउजपीस आवडतो आणि मग त्याच्यावर साडी शोधत हिंडतो!

आणखी एक कारण मला महत्त्वाचं वाटलं. आपल्यासारख्या आयांची काळजी तिकडेही होतीच. १९४८ च्या सुमाराला अमेरिकेतल्या काही गावांत शाळांनी आणि पालकांनी कॉमिक्सच्या होळ्या केल्या होत्या. १९५४ साली डॉ. फ्रेडरिक वर्थम ह्या मानसोपचारतज्ज्ञांनी कॉमिक्समुळे मुलं बिघडतात असं पुस्तक लिहिलं, सिनेटपुढे चौकशी झाली, आणि त्याच वर्षी प्रकाशकांनी स्वतःवर एक नियमावली लादून घेतली. चालती प्रेतं नकोत, रक्त पिणारे पिशाच्च नकोत, लांडगा होणारी माणसं नकोत. त्या यादीत गोरिलाचं नाव मात्र नव्हतं! धडकी भरवायची ती गोरिलानं भरवावी, आणि नियमही मोडू नये, अशी सोय झाली.

मी तीन किलो वेताळ विकला होता. तिकडच्या आयांनी होळ्या केल्या. म्हणजे ह्या बाबतीत मी काही एकटी नाही, एवढं समाधान मिळालं. फार मोठं समाधान नव्हे, हे मलाही कळतं.

बाईच्या नजरेनं बघितलं तर

अशी पुष्कळ जुनी मुखपृष्ठं नातवानं मला दाखवली. त्यांत मला दोन जाती दिसल्या.

पहिली जात किंगकाँगची. १९३३ साली 'किंगकाँग' चित्रपट आला. त्यात राक्षसी गोरिला एका तरुणीला मुठीत घेऊन न्यूयॉर्कच्या उंच इमारतीवर चढतो. तेव्हापासून मुखपृष्ठांवरही तेच. गोरिलाच्या काखेत एक बाई, तिचे केस मोकळे, चपला गळून पडलेल्या, आणि तोंड किंचाळण्यासाठी उघडं. तिला दुसरं कामच नाही. खरं सांगते, गोरिलापेक्षा मला त्या बाईचाच जास्त राग आला. अगं, एखादा ठोसा तरी मार!

दुसरी जात त्या पिंजऱ्यातल्या गोरिलाची. अंग जनावराचं, आत मन माणसाचं. ह्याला ओरडून सांगायचंय आणि बाहेरच्यांना ऐकू येते ती नुसती गुरगुर. ते चित्र बघताना मात्र मी थबकले. आपल्याला काय म्हणायचंय ते घरात कुणाला कळतच नाही, असं आपल्यातल्या कितीजणींना किती वेळा वाटलं असेल! लिहून दाखवायला निदान त्याच्याकडे पाटी तरी होती.

आणि वाघ का नाही, ह्या नातवाच्या प्रश्नाचं उत्तरही मला तिथंच मिळालं. वाघाचा चेहरा वाघाचाच. गोरिलाला मात्र आपल्यासारखे हात आहेत, तो मूठ वळतो, कपाळाला आठी घालतो, समोरच्याच्या डोळ्यांत बघतो. परका वाटावा तर ओळखीचा, आणि ओळखीचा म्हणावा तर परका. भीती आणि माया एकाच वेळी वाटते.

आपल्याला तर हे नवं नाहीच. आपल्या गावोगावच्या वेशीवर वानरमुखी मारुती उभा आहे. आपल्याच जिल्ह्यात नांदुऱ्याला महामार्गालगत १०५ फुटी मारुती आहे. एस.टी.च्या खिडकीतून तो दिसला की पोरं सीटवर उभी राहतात आणि म्हाताऱ्या हात जोडतात. एवढ्या प्रचंड देहाला कुणी भीत नाही. एक गंमत बघा. १९६२ साली 'किंगकाँग' ह्याच नावाचा एक हिंदी चित्रपट आला होता, त्यात नायक होते दारासिंग. तेच दारासिंग १९७६ मध्ये 'बजरंगबली' झाले आणि १९८७-८८ मध्ये दूरदर्शनच्या 'रामायण'मधला हनुमान. रविवारी सकाळी आमच्या गल्लीत ज्यांच्या घरी टी.व्ही. होता त्यांच्या दारात चपलांचा ढीग पडायचा. त्या ढिगात माझ्या मुलाच्याही चपला असत. तिथं त्यानं ताकद बघितली तर मी त्याला प्रसाद द्यायची, आणि कॉमिकात बघितली तर रद्दीवाल्याला हाक!

खरा गोरिला कसा असतो?

मुखपृष्ठावरचा गोरिला आणि जंगलातला गोरिला ह्यांत मात्र जमीनअस्मानाचं अंतर आहे, आणि ते मुलांना सांगायलाच हवं.

पॉल दु शायू ह्या प्रवाशानं १८६१ साली आफ्रिकेतल्या गोरिलांबद्दल पुस्तक लिहिलं आणि त्यात हा प्राणी भलताच क्रूर रंगवला. तीच प्रतिमा पुढे सिनेमात आणि कॉमिक्समध्ये उतरली. प्रत्यक्षात गोरिला मुख्यतः पालाफळं खाणारा. पानं, देठ, कोवळे कोंब, फळं, आणि चवीला फार तर मुंग्या-वाळवी. पूर्ण वाढलेला नर दीडशे-पावणेदोनशे किलोंचा, पण छाती बडवतो ती बहुधा भांडण टाळण्यासाठीच. कळपाचा तो कर्ता पुरुष. आणि रोज संध्याकाळी प्रत्येक मोठा गोरिला पानांचा, फांद्यांचा नवा बिछाना करून झोपतो. गाद्या उन्हात घालायची भानगडच नाही! मादीचे दिवस साधारण साडेआठ महिन्यांनी भरतात आणि पिलू तीन-चार वर्षं आईला धरून असतं. आता ह्यात राक्षसी काय आहे?

डायन फॉसी ह्या अमेरिकन बाईंनी १९६७ साली रवांडाच्या डोंगरात मुक्काम ठोकला आणि वर्षानुवर्षं गोरिलांमध्ये राहून हे सगळं जगापुढे आणलं. डिसेंबर १९८५ मध्ये त्यांच्या झोपडीतच त्यांचा खून झाला. त्या डोंगराळ गोरिलांची संख्या आज एक हजाराच्या थोडी वर आहे. आपल्या चिखलीची वस्तीसुद्धा त्याच्या कितीतरी पट आहे.

दोन घटना तर प्रत्येक आईनं मुलाला सांगाव्यात अशा. १९८६ साली जर्सी बेटावरच्या प्राणिसंग्रहालयात पाच वर्षांचा एक मुलगा गोरिलांच्या आवारात पडला आणि बेशुद्ध झाला. जांबो नावाचा भलाथोरला नर त्याच्यापाशी गेला. वरून लोकांचा श्वास अडकला. जांबो मुलाच्या आणि इतर गोरिलांच्या मधे उभा राहिला आणि त्यानं मुलाच्या पाठीवर हात फिरवला. दहा वर्षांनी, १९९६ मध्ये, शिकागोजवळच्या ब्रुकफील्ड प्राणिसंग्रहालयात तीन वर्षांचं मूल असंच पडलं. तिथं बिंटी जुआ नावाची मादी होती. स्वतःचं पिलू पाठीवर असताना तिनं ते मूल उचललं आणि रखवालदार येतात त्या दारापाशी नेऊन ठेवलं.

हे ऐकताना सूनबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. नातू मात्र म्हणाला, "मग चित्रात खोटं का काढलं?" मी म्हटलं, पोरं पैसे देतात म्हणून! प्रत्यक्ष गोरिला बघायचा तर आपल्याला म्हैसूर गाठावं लागतं. तिथला पोलो नावाचा गोरिला २०१४ साली वारला, आणि मग २०२१ मध्ये जर्मनीहून दोन नर आणले गेले. मे महिन्याच्या सुटीत न्यायचं मी नातवाला कबूल केलं आहे. बघू, गुडघे काय म्हणतात ते.

आयांसाठी चार शब्द

मुलाच्या हातात असलं पुस्तक, किंवा हल्लीच्या दिवसांत मोबाइलवर असलं चित्र, दिसलं तर लगेच हिसकावू नका. माझ्या अनुभवानं सांगते:

१. शेजारी बसा आणि विचारा, "ह्यातला तू कोण?" उत्तर ऐकून तुम्हाला नवल वाटेल.

२. चित्रातलं खरं किती आणि खोटं किती, हे दोघांनी मिळून शोधा. भीती अर्धी तिथंच कमी होते.

३. मूल खरोखरच दचकत असेल, रात्री उठत असेल, तर पुस्तक थोडे दिवस बाजूला ठेवा. पण त्याला सांगून ठेवा.

४. अभ्यासाची वेळ ठरवा, तशी कॉमिकचीही ठरवा. चोरून वाचण्यातला वेळ त्यानं वाचतो.

५. जुनी पुस्तकं जपायची असतील तर आडवी ठेवा. फाटलं तर चिकटपट्टी लावू नका, ती पिवळी पडून कागद खाते. पिना गंजल्या असतील तर हलक्या हातानं काढून दोऱ्यानं टाका घाला. ओल आणि ऊन दोन्हींपासून लांब, सुती कापडात गुंडाळून, कडुनिंबाचा वाळलेला पाला टाकून ट्रंकेत ठेवा. वर्तमानपत्रात गुंडाळू नका. मी गुंडाळलं होतं, तर पुस्तकाच्या पानांवर डाग उतरले आहेत.

ह्यातला तू कोण?

धनत्रयोदशीला मुलगा पुण्याहून आला. चहा घेताना नातवानं ते कॉमिक त्याच्या पुढ्यात ठेवलं. बराच वेळ तो नुसतं बघत राहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आई, हे तुझ्याकडे होतं?"

मी म्हटलं, "तुझ्या गादीखाली होतं. मला तेव्हापासून माहीत होतं." आणि एवढं बोलल्यावर बाकीचंही बोलून टाकलं. "ती तीन किलो मी विकायला नको होती रे. निदान तुला विचारायला हवं होतं."

तो हसला. म्हणाला, "मी दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर रद्दीच्या दुकानात गेलो होतो. चार रुपये होते माझ्याकडे. पण गठ्ठा पुढे गेला होता." सदऱ्याच्या खिशात चार रुपये घेऊन उभा असलेला तो पोरगा माझ्या डोळ्यांपुढे आला. हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं.

मी विषय बदलावा म्हणून विचारलं, "भीती नाही का वाटायची तुला ह्या चित्राची?"

"भीती?" तो म्हणाला. "अगं, मी त्यातला गोरिला व्हायचो. ती खाली पळतायत ना, ते सगळे गणिताचे मास्तर."

"आणि मी?"

त्यानं उत्तर दिलं नाही. नातवाला जवळ घेतलं, पहिलं पान उघडलं आणि त्याला मराठीत करून वाचून दाखवायला सुरुवात केली. सूनबाई आणि मी करंज्या लाटत होतो. दोघींचेही कान तिकडेच होते.

तुमच्याही माळ्यावर काहीतरी असेलच. रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी ज्याचं आहे त्याला एकदा विचारा. तो आता पन्नाशीचा झाला असला, तरी विचारा.